काशी स्वस्तात, पण कोणत्या भरवशावर?

वाराणसीच्या प्रवासाचा खर्च दोन गोष्टींवर ठरतो: तिथी आणि गल्ली. या दोन्हींकडे दुर्लक्ष करून आखलेला स्वस्त बेत कागदावरच स्वस्त राहतो. मराठी प्रवाशांत पिढ्यान्‌पिढ्या फिरणारे काही समज तपासून पाहायला हवेत.

ब्रह्मा घाटावर मराठी वस्ती आहे. तिथे मराठी माणसाची फुकट सोय होते.

हा समज हवेतून आलेला नाही. अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर काशीत येऊन राहिले. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट बांधले गेले. पुरोहित, शास्त्री, कारभारी यांचे वाडे उभे राहिले. अन्नछत्रेही चालत. यात्रेकरू आपल्या क्षेत्रोपाध्यायांकडे उतरत, त्यांच्या वहीत पणजोबांचे नाव शोधत आणि निघताना दक्षिणा ठेवत. म्हणजे फुकट तेव्हाही नव्हते. दरपत्रक नव्हते, इतकेच. आज त्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या काशीतच वाढलेली कुटुंबे राहतात. घरात मराठी, दारात बनारसी बोली. ती त्यांची घरे आहेत, धर्मशाळा नव्हेत. विधीसाठी येणाऱ्याला उपाध्याय खोली देतात तेव्हा ती श्राद्ध-तर्पणाच्या हिशेबात धरलेली असते. फोनवरच खोलीचे, जेवणाचे आणि विधीचे आकडे वेगवेगळे विचारून घ्यावेत. त्यात अपमान कोणाचाच नाही. संकोचापोटी न विचारलेला आकडा निघतेवेळी भारी पडतो.

घाटावर राहायचे तर खिसा रिकामाच होणार.

दशाश्वमेध आणि अस्सीपुरते हे बरेचसे खरे आहे आणि बहुतेक प्रवासी तेवढीच काशी पाहतात, म्हणून तोच दर सगळ्या घाटांना लावला जातो. तिथे पैसे पडतात ते गंगेकडे उघडणाऱ्या खिडकीचे. पंचगंगेच्या उत्तरेला दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या बाजूला गर्दी पातळ होते आणि भाडेही उतरते. त्याला कारण आहे: गाडी दारात येत नाही. मैदागिनपर्यंत ई-रिक्षा, पुढे गल्ली. फरसबंदीच्या भेगांत चाकांची बॅग अडकते, समोर सांड उभा असला की ती उचलून भिंतीला चिकटावे लागते, आणि शेवटी पायऱ्या. सोबत गुडघेदुखीचे कोणी असेल तर खोलीत वाचलेले पैसे हमालीत आणि रिक्षात जातील. अशांनी गोदौलिया चौकाजवळ राहणेच बरे. पाठीवरच्या सॅकवाल्याला मात्र दशाश्वमेध इथून अर्ध्या तासाची चाल आहे आणि सकाळची कचोरी-भाजी त्याच वाटेवर, ठठेरी बाजारात.

पावसाळ्यात दर पडतात, तेव्हा जाणारा शहाणा.

दर पडतात हे खरे, पण कशामुळे? वाराणसीत गंगेची इशारा पातळी 70.262 मीटर आणि धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. 1978 मध्ये पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. नदी इशाऱ्याच्या बऱ्याच खाली असतानाही खालच्या पायऱ्या बुडतात, मग एका घाटावरून दुसऱ्यावर काठाने जाता येत नाही. नावा बंद होतात, आरती छतावर सरकते. ज्यासाठी जायचे तेच पाण्याखाली गेल्यावर खोली स्वस्त मिळाली यात नवल नाही. ज्यांना ब्रह्मा घाटाचा जुना मराठी गणेशोत्सव पाहायचा असेल त्यांना भाद्रपदाला पर्याय नाही. त्यांनी पुराची शक्यता धरूनच, घाटापासून वरच्या अंगाला खोली घ्यावी.

काशी उष्ण प्रदेशात. गरम कपडे म्हणजे ओझे.

मुंबईचा माणूस मुंबईवरून अंदाज बांधतो. वाराणसी कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे आणि समुद्रापासून दूर. म्हणून मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीत हुडहुडी भरते. खिशाच्या दृष्टीने थंडीपेक्षा धुके वाईट. गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, पुढचे आरक्षण हुकते, एक रात्र वाढते. दुधाच्या फेसाचा मलइयो खायचा तर थंडी हवीच, पण तो धुके दाटण्याआधीही मिळतो. कार्तिक पौर्णिमेला देवदीपावली असते आणि त्या रात्रीचे भाडे ऐकवत नाही. ती उलटल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सर्वांत किफायतशीर. त्यानंतर फेब्रुवारी, मात्र मौनी अमावास्या आणि महाशिवरात्र या तिथी पंचांगात पाहून टाळाव्यात.

प्रयाग-काशी-गया ही त्रिस्थळी यात्रा टूर कंपनीशिवाय होत नाही.

पूर्वी एकटे जाणे खरोखरच धोक्याचे होते. 1857 च्या धामधुमीत उत्तरेत गेलेल्या ‘माझा प्रवास’कार विष्णुभट गोडशांना लुटारूंनी गाठले होते. आता तसे नाही: प्रयागराज-वाराणसी अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे, वाराणसी-गया त्याच्या साधारण दुप्पट, आणि दोन्ही मार्गांवर रेल्वे आहे. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस थेट जाते. आरक्षण 60 दिवस आधी उघडते, तो दिवस चुकवू नये. वाराणसीचे तिकीट मिळाले नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुने मुघलसराय, पाहावे; तिथून शहर सोळा-सतरा किलोमीटर. टूरमध्ये पैसे जातात ते सोबतीचे आणि मराठी स्वयंपाकाचे. वडीलधाऱ्यांना ते हवे असतील तर घ्यावेत. अपरिहार्य म्हणून नव्हे.

पैसे मोजल्याशिवाय दर्शन नाही, नावेशिवाय आरती नाही.

विश्वनाथाची सर्वसाधारण रांग निःशुल्क आहे. ‘सुगम दर्शन’ हे वेळ वाचवण्याचे तिकीट. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा दुकानदार ‘लॉकर फुकट’ म्हणून बोलावतात आणि किंमत प्रसादाच्या टोपलीत वसूल होते. फोन खोलीवर ठेवला की प्रश्नच मिटतो. दशाश्वमेधाची आरती पायऱ्यांवरून फुकट दिसते, फक्त तासभर आधी बसावे लागते.

मणिकर्णिकेवर लाकडासाठी दिलेला पैसा गरिबाच्या चितेला लागतो.

इथे श्रद्धेपेक्षा कळवळा कामी येतो, म्हणून नाही म्हणणे जड जाते. पण लाकूड तिथल्या वखारीत वजनावर विकले जाते आणि अंत्यविधीचा खर्च मृताचे आप्त करतात. शेजारी येऊन चितांची माहिती सांगू लागणारा अनोळखी माणूस कोणाला हिशेब देत नाही. पावती मागितली की तो बहुधा दुसऱ्या प्रवाशाकडे वळतो.