पद्मिनीचे गंजलेले बंपर

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी अजून काही घरांनी जपली आहे. तिचे बंपर लोखंडी, वर निकेल आणि क्रोमचा मुलामा. बाहेरून चकचकीत दिसले तरी गंज मागून धरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखल तिथेच साचतो. बंपर उतरवल्याशिवाय खरी अवस्था कळत नाही.

बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. सकाळी पाना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग उलटा फिरवावा. मी घाईत हातोडा मारला आणि ब्रॅकेट वाकवून बसलो. नट हललाच नाही तर करवतीने कापावा. बोल्ट नवा मिळतो, ब्रॅकेट सहज मिळत नाही. शेवटचा बोल्ट सोडताना दुसऱ्या कोणीतरी बंपर धरावा.

मागची बाजू घासून प्रायमर व रंग द्यावा. बसवताना बोल्टांना ग्रीस लावून ते आधी हातानेच फिरवावेत, दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे, मगच आवळावेत. जुना बंपर भंगारात देऊ नका. पत्रा शाबूत असेल तर त्यावर पुन्हा क्रोम चढवता येतो.