पुलावरून गाडी नेताना छातीत धडधडते?

इच्छापूर-शहापूरच्या बाजूने केळीचा माल घेऊन बऱ्हाणपूरला यायचे म्हटले, की तापी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. वाट तीच, नदी तीच, सवय वर्षानुवर्षांची. तरीही आपल्यात काही धडधाकट गडी असे आहेत, की पुलाचा कठडा दिसू लागताच त्यांचे तळहात घामाने ओले होतात, छाती धडधडते आणि ट्रॅक्टर आपोआप नदीकडे ओढला जात आहे असे त्यांना वाटू लागते. बहुतेक जण ही गोष्ट घरातदेखील बोलत नाहीत. मग ‘आज मुलगा नेईल’, ‘आज क्लच बरोबर नाही’ अशा सबबी सुरू होतात. स्कूटरवर मागे बसलेल्या कित्येक भगिनी पूल येताच डोळे मिटून घेतात, त्यांना कोणी हसत नाही. ट्रॅक्टरवाल्याला मात्र लोक हसतील अशी धास्ती असते, आणि ही धास्ती मूळ दुखण्याहून जड होऊन बसते.

वाचकहो, हा भित्रेपणा नव्हे आणि वेडही नव्हे. कोणाला सापाची, कोणाला उंचीची, तशी कोणाला पुलाची भीती वाटते. डॉक्टर मंडळी तिला फोबिया म्हणतात. अमेरिकेत मेरिलँड राज्यात चेसापीक उपसागरावर सुमारे सात किलोमीटर लांबीचा उंच पूल आहे. तेथे ही भीती बाळगणारे इतके आहेत, की पैसे घेऊन दुसऱ्याची मोटार पलीकडे पोचवून देण्याचा धंदाच काहींनी काढला आहे. तेव्हा ज्याला असे होते त्याने आपण जगावेगळे आहोत असे मानू नये.

अशा वेळी शरीरात काय घडते? मेंदूला धोका जाणवला की तो सर्व शरीराला पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी तयार करतो. नाडी जलद होते, श्वास भराभर चालतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू कमी होतो आणि त्यामुळे डोके हलके वाटते, ओठांना व बोटांना मुंग्या येतात. माणसाला वाटते, आता मी भोवळ येऊन पडणार. वस्तुतः भीतीच्या झटक्यात रक्तदाब उतरत नाही, चढतो. म्हणून निव्वळ अशा भीतीने शुद्ध हरपणे क्वचितच घडते. ही लाट काही मिनिटांत शिगेला पोचते आणि आपोआप ओसरते. परंतु जो पुलाच्या तोंडावरूनच गाडी वळवतो, त्याला ती ओसरताना कधी दिसतच नाही. गाडी वळवल्याबरोबर बरे वाटते आणि मन त्यातून चुकीचा धडा घेते, की मी वाचलो तो मागे फिरलो म्हणून. पुढच्या खेपेस भीती दुप्पट होते. आरंभी फक्त तापीचा पूल नकोसा होतो, मग नाल्यावरची मोरीही नकोशी होते.

पूल हलतो म्हणून तो पडणार, हाही एक गैरसमज आहे. जड ट्रक शेजारून गेला म्हणजे पूल किंचित दबतो व पुन्हा वर येतो. तो तसाच बांधलेला असतो. गाड्याखाली ‘धडाक्’ असा आवाज होतो तो सांध्यांचा. उन्हाने काँक्रीट आणि लोखंड वाढते. पहाटेची थंडी आणि मे महिन्याची दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला, तर शंभर मीटर लांबीचा पूल सुमारे तीन सेंटिमीटर वाढतो. त्या वाढीला जागा हवी म्हणून मुद्दाम फट ठेवलेली असते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून बसवताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मात्र पुलाची प्रत्येक भीती खोटी असते असे आम्ही म्हणणार नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरील दगडी कमानींचा पूल 1928 साली बांधलेला होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो महापुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. 15 जून 2025 रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. त्याच वर्षी 9 जुलैला गुजरातेत मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा एक गाळा खाली आला आणि वाहने नदीत पडली. तो पूल तर 1985 चा, म्हणजे फार जुनाही नव्हता. आपल्या मनाला अगदी लागून असलेली घटना खलघाटची. 18 जुलै 2022 रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एस.टी. कठडा तोडून नर्मदेत कोसळली व बारा जणांचे मृतदेह हाती लागले. तेथे पूल शाबूत होता, गाडी खाली गेली. अशा बातम्या वाचल्यावर धसका बसणे स्वाभाविक आहे.

आता एक विचित्र गोष्ट पाहा. उंच पुलावर ज्याचे हातपाय गळतात, तोच मनुष्य पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या रपट्यावरून बिनधास्त गाडी घालतो! ‘गुडघाभरच तर पाणी आहे’ असे म्हणत. रपटा ठेंगणा, ओळखीचा, घराजवळचा. म्हणून त्याची भीती वाटत नाही. पण जीव जातात ते तेथेच. वाहते पाणी वीतभर असले तरी माणसाचे पाय उचलते, फूटभर पाणी लहान मोटार तरंगवते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी जागेवर आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही. तापीचे पाणी मुलताईकडून, बैतूलच्या डोंगरातून येते. आपल्याकडे लख्ख ऊन असताना तिकडे पाऊस कोसळलेला असू शकतो, आणि नदी पाहता पाहता चढते. अशा वेळी जी भीती वाटावयास हवी ती कोणाला वाटत नाही. रपट्यावर पाणी असेल तर माल सडला तरी चालेल, थांबावे. केळीचे घड दोन दिवस थांबल्याने होणारे नुकसान मोजता येते.

धडक्या पुलाची भीती मात्र घालवता येते, आणि ती थोड्या थोड्या पायऱ्यांनी जाते. एकदम भरलेली ट्रॉली घेऊन पुलावर जाऊ नये. पहिले काही दिवस सकाळी रहदारी कमी असताना विश्वासातल्या माणसाबरोबर पायीच जावे, कडेने चालावे, वाटल्यास पहिल्या गाळ्यापर्यंतच. तेथे उभे राहावे आणि भीती निम्म्यावर उतरेपर्यंत परत फिरू नये. ही अट महत्त्वाची आहे. मग दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून, डोळे उघडे ठेवून पलीकडे जावे. त्यानंतर स्वतः मोटारसायकल, मग रिकामा ट्रॅक्टर, सर्वांत शेवटी भरलेली ट्रॉली. एका पायरीवर मन स्थिर झाल्याखेरीज पुढची घेऊ नये. कोणाला पंधरा दिवस लागतील, कोणाला तीन महिने. गाडी चालवताना कठड्यातून पाणी पाहू नये, पुढच्या रस्त्यावर लांब नजर ठेवावी. श्वास नाकाने सावकाश घ्यावा आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. मुंग्या येणे त्याने थांबते. धीर यावा म्हणून दारूचा घोट घेणारे काही आहेत. त्यांच्याविषयी इतकेच सांगतो, की खरा धोका तेव्हा सुरू होतो. दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांचेही तेच.

ट्रॅक्टरवाल्यांना एक जास्तीची सूचना. शेतात वळण घेण्यासाठी आपण ब्रेकची दोन पेडल सुटी ठेवतो. रस्त्यावर येण्यापूर्वी ती जोडणारी कडी लावलीच पाहिजे. नाही तर घाबरून एकच पेडल दाबले गेले की ट्रॅक्टर झटक्याने एका बाजूस, म्हणजे कदाचित कठड्याकडेच, वळतो. ज्याला ‘ट्रॅक्टर नदीकडे ओढतो’ असे वाटते, त्याने मनाबरोबर एकदा ब्रेक आणि पुढच्या चाकांची हवाही तपासावी!

पुलाच्या खांबाखालची वाळू उपसली जाऊन पाया उघडा पडला असेल, गाळा एका बाजूला खचला असेल, दगडी बांधकामात पिंपळ रुजून भेगा पडल्या असतील, कठडा तुटलेला असेल, तर ते मनाचे खेळ नव्हेत. लोक निर्माण विभागाला लेखी कळवावे व अर्जाची पोच घ्यावी. मध्य प्रदेशात 181 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. वजनमर्यादेची पाटी असेल तर ती पाळावी.

चाळिशी-पन्नाशीनंतर ही भीती नव्यानेच सुरू झाली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मोतीबिंदूमुळे संध्याकाळी अंतराचा अंदाज चुकतो, कानाच्या आतील दोषाने चक्कर येते, मधुमेहाच्या औषधावर असताना उपाशीपोटी गाडी चालवली तर साखर उतरून हातपाय कापतात. आणि थायरॉइड वाढले तरी छाती धडधडते. हे सर्व तपासून काही निघाले नाही, आणि भीतीपायी बाजार, दवाखाना, नातलगांची लग्ने चुकू लागली असतील, तर मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक फिरवावा. हिंदीत बोलता येते, मराठीतही बोलता येते, आणि फोन केल्याचे गावात कोणाला कळत नाही.