शस्त्रक्रियेनंतरचे विस्मरण

शस्त्रक्रिया यशस्वी होते, टाके सुकतात, पण घरी आलेले आजोबा नातवंडांची नावे चुकवू लागतात. ‘वय झाले!’ म्हणून घरचे गप्प बसतात. सगळेच वयाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. ऑक्सफर्डच्या डॉ. बेडफर्ड ह्यांनी १९५५ सालीच ह्या तक्रारीची नोंद केली होती. पुढे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील पाहणीत हृदयाखेरीज इतर मोठ्या शस्त्रक्रिया झालेले, साठी उलटलेले १,२१८ रुग्ण होते. आठवड्याने शेकडा सुमारे २६ जणांची, तीन महिन्यांनी १० जणांची बुद्धी मंदावलेली आढळली. रक्तदाब उतरणे, प्राणवायू कमी पडणे ही कारणे तेथे ठरली नाहीत. लांबलेली भूल, जंतुसंसर्ग आणि अल्प शिक्षण ही मात्र ठरली. (शाळा हुकलेल्या कामगाराला येथेही भुर्दंड!)

घावामुळे अंगात दाह उठतो. त्याची झळ मेंदूला लागते, असे आज मानतात. मधुमेह्याच्या शरीरात तो आधीच मंद धुमसत असतो, त्यात शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर चढते. त्यांच्यात हा धोका अधिक दिसतो. तेव्हा तारीख ठरण्यापूर्वीच साखर तपासून घ्यावी. ती एकदम फार उतरवणेही मेंदूला घातकच. ते काम डॉक्टरांचे. आपले काम सोपे: रुग्ण शुद्धीवर आला की त्याचा चष्मा आणि कानाचे यंत्र त्याच्या हाती द्यावे.