बग एक, पॅच भलत्याच ठिकाणी : हेडली आणि भारताचा व्हिसा

सीमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काटेरी तारा आणि बंदूकधारी जवान येतो. आज मी ज्या सीमेबद्दल बोलणार आहे, ती विमानतळाच्या काउंटरवर असते आणि तिथे सगळा खेळ फॉर्ममधल्या रकान्यांचा.

२६/११ चे दहा हल्लेखोर समुद्रातून आले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांच्यासाठी ताज आणि ओबेरॉयची रेकी करणारा माणूस विमानानं, पासपोर्टवर रीतसर शिक्का मारून आला होता. डेव्हिड हेडली. मूळ नाव दाऊद गिलानी, वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. २००६ मध्ये त्यानं अमेरिकेत कायदेशीरपणे नाव बदललं, नवा पासपोर्ट घेतला आणि बिझनेस व्हिसा मिळवला. हल्ल्याआधी तो पाच वेळा मुंबईत येऊन गेला. आणि दाखवायला धंदा कुठला? शिकागोतल्या एका इमिग्रेशन फर्मची मुंबई शाखा! लोकांना परदेशी पाठवण्याचं ऑफिस. ग्लोबलायझेशनमुळे असं ऑफिस कोणालाच विचित्र वाटलं नाही.

डेव्हलपर मंडळींच्या लगेच लक्षात येईल : सिस्टिमनं नावालाच प्रायमरी की मानलं होतं. नाव बदललं की नवा युजर, जुनी हिस्टरी गायब.

ऑक्टोबर २००९ मध्ये हेडली शिकागोत पकडला गेला आणि वर्षअखेरीस भारतानं नियम आणला : टुरिस्ट व्हिसावर एकदा येऊन गेलात की पुढचे दोन महिने परत यायचं नाही. म्हणजे राजस्थान बघून नेपाळला गेलेला आणि परतीचं विमान दिल्लीहून असलेला पर्यटक अडकला. त्याला आधी प्रवासाचा तपशील देऊन खास परवानगी काढावी लागायची. हेडली मात्र टुरिस्ट व्हिसावर आलाच नव्हता! एका युजरनं घोळ घातला म्हणून दुसऱ्याच मॉड्यूलवर रेट लिमिट लावण्यातला हा प्रकार. २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी हा नियम काढला.

खरं काम गाजावाजा न होता झालं. २०१० मध्ये व्हिसा कचेऱ्या, इमिग्रेशन चेकपोस्ट आणि परदेशी नागरिकांची नोंदणी एका नेटवर्कवर आणणारा प्रकल्प मंजूर झाला. पुढे २७ नोव्हेंबर २०१४ ला, २६/११ च्या सहाव्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, ऑनलाइन टुरिस्ट व्हिसा सुरू झाला. पर्यटक हवेत, डॉलर हवेत, म्हणून दार पुन्हा उघडलं.

पण सगळ्यांसाठी नाही. भारताच्या व्हिसा फॉर्मवर आता विचारतात : नाव कधी बदललंय का? आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानी होते का? समजा लंडनमध्येच जन्मलेली, ब्रिटिश पासपोर्टवाली एखादी मुलगी आहे आणि तिचे आजोबा कराचीचे. तिला ई-व्हिसा नाही. साध्या व्हिसाचा अर्ज करायचा आणि वाट बघायची. खरं उत्तर दिलं, म्हणून.

हेडलीनं काय लिहिलं होतं? २०१६ मध्ये व्हिडिओ लिंकवरून मुंबईच्या कोर्टासमोर त्यानंच सांगितलं : व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती भरली होती.