रहस्यकथा लिहिणाऱ्याला कथा सापडते कुठे?



चौथीच्या वर्गात फळ्यावर ‘कथालेखन’ लिहिलं, की मागच्या बाकावरून आवाज येतोच, “बाई, सुचतच नाही!” मग आपण मुद्दे देतो. शेतकरी, चार मुलगे, भांडण, काठ्यांची मोळी. आणि सगळ्या वर्गाकडून एकच गोष्ट तपासायला येते! “कल्पना कर” असं मीही बरीच वर्षं म्हणत आले. पण कल्पना करायची ती कशातून, हे कधी सांगितलं नाही.

ते समजून घ्यायला अगाथा ख्रिस्ती यांचं उदाहरण फार उपयोगी आहे. जगभर वाचल्या जाणाऱ्या या रहस्यकथा लेखिकेचा जन्म १८९० सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गावातला. “तुला रहस्यकथा लिहिता येणार नाही,” असं थोरल्या बहिणीने त्यांना डिवचलं होतं. पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्या गावातल्याच रुग्णालयाच्या औषध विभागात काम करू लागल्या. आजूबाजूला कपाटं भरून विषारी औषधं! मग कथेतला खून विषानेच करायचं ठरलं. बेल्जियममधून आलेले निर्वासित गावात राहत होते, म्हणून गुप्तहेरही बेल्जियन निर्वासितच झाला. तोच हर्क्युल पॉयरो. ही पहिली कादंबरी १९२० साली छापून आली. त्यातली विषाची माहिती इतकी अचूक होती की औषधशास्त्राच्या नियतकालिकानेही तिचं कौतुक केलं.

खरी अडचण आली ती पात्रांची. सुरुवातीला त्यांनी ओळखीतल्याच एका गृहस्थांना खुनी करून पाहिलं, पण जमेना. त्या माणसाचा स्वभाव माहीत होता, तो असं काही करेल हे मनाला पटेना. मग एकदा ट्राममध्ये काळ्या दाढीचा एक अनोळखी माणूस दिसला. शेजारी एक वयस्कर बाई अखंड बडबडत होत्या. झालं, पात्र सापडलं! त्याच्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे बाकीचं सगळं मनाने रचता आलं. मला वाटतं, आपण नेमकं इथेच चुकतो. मुलांना एक तर पूर्ण ओळखीचं देतो, नाहीतर राजा-राक्षस, म्हणजे कधीच न पाहिलेलं. गोष्ट मात्र अर्धवट दिसलेल्या गोष्टीतून सुरू होते.

आणि ती लगेच सुचायला हवी असंही नाही. औषधांचं काम शिकताना त्यांना एक औषधविक्रेता भेटला होता. तो खिशात क्युरारे या जालीम विषाचा खडा बाळगायचा. कशाला? तर तो जवळ असला की अंगात ताकद आल्यासारखं वाटतं म्हणे! हा माणूस त्यांच्या डोक्यात चाळीसहून अधिक वर्षं राहिला आणि १९६१ सालच्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीत उतरला. (शेवट सांगत नाही, वाचा.) सुचेल ते त्या वह्यांत टिपून ठेवत. अशा सत्तरहून अधिक वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत कथानकांच्या शेजारी घरसामानाच्या याद्याही आहेत. आपल्याकडे मात्र गोष्टींची वही म्हणजे समास आखलेली, सुवाच्य अक्षरातली!

यंदा मी मुद्दे दिलेच नाहीत. आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडवर एक अनोळखी माणूस फक्त बघून या, त्याच्याशी बोलायचं नाही, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांनी शर्टाचा रंग तेवढा लिहून आणला. तेही चालेल. एका मुलीची एकच ओळ होती : ‘आजोबांकडे दोन छत्र्या होत्या आणि पाऊस नव्हता.’

मी विचारलं, “दुसरी छत्री कोणाची गं?”

“माहीत नाही, बाई.”

“मग ठरव तूच.”

दोन पानं झाली तरी तिची गोष्ट संपेना. शेवटी तिने शेजारणीकडून कोरा कागद मागून घेतला.