ब्रेक नरम लागतो? हवा काढण्याआधी बिघाड शोधणे आवश्यक

जबलपूर : येथील मराठी कुटुंबांसाठी नागपूर म्हणजे नातेवाईक, लग्नकार्ये आणि मोठी रुग्णालये. बरगी, लखनादौन, सिवनीमार्गे सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा हा प्रवास अनेक जण स्वतःच्या मोटारीने करतात. रस्ता आता प्रशस्त झाला आहे. मात्र सिवनी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आणि नागपूर सुमारे ३१० मीटरवर असल्याने कुरईच्या परिसरात, पेंचच्या जंगलातून, गाडीला उतारावरून जावे लागते. शहरात ‘थोडा नरम’ वाटणारा ब्रेक नेमका अशा ठिकाणी दगा देण्याची शक्यता असते.

मोटारीचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांवाटे चारही चाकांपर्यंत दाब पोहोचवते. द्रव जवळजवळ आकुंचन पावत नाही, म्हणून निरोगी ब्रेकचे पेडल पायाखाली घट्ट लागते. हवा किंवा वाफ मात्र सहज दबते. नळीत तिचा लहानसा बुडबुडा असला तरी पेडलचा बराचसा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि पायाला ओल्या स्पंजवर उभे राहिल्यासारखे वाटते.

नरम पेडलच्या सर्व तक्रारी मात्र एकाच बिघाडाच्या नसतात. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. दर वेळी ते वर येऊन घट्ट होत असेल, तर नळ्यांत हवा असण्याची किंवा मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढल्याची शक्यता असते. या दोहोंतील फरक हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून पाहिल्यास कळतो: तेवढ्याने पेडलचा प्रवास कमी झाला, तर दोष मागच्या ड्रमच्या जुळणीत आहे. पाय स्थिर दाबून ठेवला असता पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर तेल बाहेर गळत आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी सील आतल्या आत दाब सोडत आहे. याउलट पेडल दगडासारखे कडक लागणे हा बहुधा बूस्टरचा दोष असतो. त्याचा हवा काढण्याशी संबंध नाही. जुन्या गाडीत दुसऱ्या व्यक्तीला पेडल दाबायला सांगून चाकाजवळच्या रबरी होज फुगतात का, हेही पाहावे.

सर्वात फसवे कारण जुन्या तेलाचे असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि जबलपूरच्या दमट पावसाळ्यात त्याला ओलाव्याची वाण नसते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर त्यासाठी ठरलेली किमान मर्यादा १४० अंशांची आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ अंश आहेत. सुमारे १,४०० किलो वजनाची मोटार १०० मीटर उंची केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरली, तर ताशी ८० किलोमीटर वेगावरून चार वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता निर्माण होते. तिच्यातील काही भाग कॅलिपरमार्गे तेलापर्यंत पोहोचला की पाणी मिसळलेले तेल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल तळाला जाते. गाडी थंड झाल्यावर वाफ विरते, पेडल पुन्हा घट्ट लागते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ‘काहीच दोष नाही’ असे उत्तर मिळते ते यामुळेच. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी, तेल बदलणे हाच त्यावर उपाय आहे.

टाकीतील पातळी घटली की तेल भरून मोकळे होण्याची सवय येथेच घातक ठरते. डिस्क पॅड झिजल्याने पातळी थोडी उतरते. पण ती वारंवार उतरत असेल, तर गळती शोधलीच पाहिजे. चाकाच्या आतील बाजूस ओल, ड्रमच्या कडेला तेलकट डाग, नळ्यांच्या जोडांवर चिकटलेली धूळ या तिच्या खुणा होत. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच तेल, तेही बंद डब्यातील, वापरावे. इंजिन ऑइल चुकून पडल्यास सर्व रबरी सील फुगून निकामी होतात.

बिघाड दुरुस्त झाल्यावरच हवा काढावी. त्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळील निपल सैल करून बुडबुड्यांसह तेल बाहेर येऊ द्यायचे आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल आवळायचा. या काळात टाकी रिकामी झाली, तर नवी हवा शिरते व सारे काम पुन्हा करावे लागते. बहुतेक ठिकाणी सर्वात दूरच्या चाकापासून सुरुवात करण्याची पद्धत असली, तरी क्रम गाडीच्या पुस्तिकेनुसारच ठेवावा. एबीएस असलेल्या गाड्यांत हवा त्या यंत्रणेच्या आतील भागात अडकू शकते आणि काही गाड्यांत ती काढण्यासाठी स्कॅनर लागतो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये तो आहे का, हे आधी विचारलेले बरे. निघालेले तेल पुन्हा वापरू नये. ते गाडीच्या रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. पेडल उभ्या गाडीत घट्ट लागल्याची खात्री झाल्यावरच मोकळ्या जागी कमी वेगात चाचणी घ्यावी.

उतारावरच पेडल नरम पडले, तर ते झपाट्याने पुन्हा पुन्हा दाबावे, गिअर क्रमाने खाली आणावा आणि तारेवर चालणारा हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घ्यावी. इंजिन बंद करू नये, कारण त्यासोबत बूस्टरची मदतही जाते. तेल निवल्यावर पेडल पूर्ववत झाले, तरी पुढचा प्रवास तपासणीनंतरच करावा. मेकॅनिकला केवळ ‘ब्रेक कमी लागतो’ असे न सांगता तो उतारावर नरम पडला होता की सकाळी पहिल्यांदाच, आणि दाबून धरल्यावर पेडल खाली जात होते का, हे सांगावे.