द्रव पट्टी

किरकोळ कापलेली जखम, ओरखडा किंवा त्वचेला पडलेली भेग यांवर लावला असता थोड्याच वेळात वाळून ज्याचे पातळ, पारदर्शक व पाण्याने सहसा न सुटणारे पटल (पापुद्रा) बनते, अशा द्रवास द्रव पट्टी म्हणतात. कापडी पट्टीप्रमाणे ती रक्त किंवा स्राव शोषून घेत नाही. कडा एकत्र धरणे, उघड्या पडलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना हवा व पाणी लागू न देणे आणि धूळ व जंतू बाहेर ठेवणे एवढेच तिचे कार्य असते. बोटांची पेरे, सांधे, टाच इ. ठिकाणी चिकटपट्टी टिकत नाही. तेथे ती विशेष सोयीची ठरते. मात्र बाहेरच्या जंतूंना अडविणारे हे पटल आतील जंतू व ओलावाही कोंडून ठेवते. हिच्या वापरातील बहुतेक चुका एवढी एक गोष्ट ध्यानात न घेतल्याने होतात.

द्रव पट्टीचा सर्वांत जुना परिचित प्रकार म्हणजे कलोडियन. सी. एफ. शोएनबाइन यांनी १८४६ मध्ये कापसावर नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांची विक्रिया करून नायट्रोसेल्युलोज (बंदुकीचा कापूस) तयार केला. त्याचा कमी नायट्रोजनयुक्त प्रकार ईथर व अल्कोहॉल यांच्या मिश्रणात विरघळवला की मधासारखा दाट विद्राव मिळतो. तोच कलोडियन होय. ‘चिकट’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. बॉस्टन येथील जॉन पार्कर मेनर्ड यांनी १८४८ मध्ये जखमा चिकटविण्यासाठी त्याचा वापर करण्याकडे शस्त्रवैद्यांचे लक्ष वेधले. पुढे १८५१ मध्ये एफ. एस. आर्चर यांनी छायाचित्रणाच्या काचांवर लेप देण्यासाठी हाच विद्राव वापरला, त्यामुळे छायाचित्रकार आणि शस्त्रवैद्य यांच्या फडताळांत काही दशके एकच बाटली नांदत होती. साधा कलोडियन वाळताना आकसतो व त्वचा ओढली जाते. म्हणून त्यात वजनाने सु. ३ टक्के एरंडेल व २ टक्के कापूर मिसळून लवचिक कलोडियन बनवितात. विद्रावक (विरघळविणारा पदार्थ) उडून जात असताना जखम काही क्षण चांगलीच झोंबते.

दुसरा प्रकार सायनोॲक्रिलेटांचा आहे. हॅरी कूव्हर यांना ही संयुगे १९४२ मध्ये प्रथम हाती लागली, पण जेथे तेथे चिकटतात म्हणून ती त्या वेळी बाजूस ठेवण्यात आली. १९५८ मध्ये ती गोंद म्हणून विक्रीस आली. त्वचेवरील ओलाव्याच्या सान्निध्यात त्यांचे बहुवारिकीकरण (लहान रेणू जोडले जाऊन मोठा रेणू बनण्याची विक्रिया) होते व काही सेकंदांत कठीण पटल तयार होते. मेथिल व एथिल सायनोॲक्रिलेटे शरीरात लवकर विघटित होऊन फॉर्माल्डिहाइडासारखे अपायकारक पदार्थ देतात. ब्युटिल व ऑक्टिल प्रकारांचे विघटन सावकाश होते, म्हणून वैद्यकात तेच वापरतात. ऑक्टिल प्रकारास अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. किराणा दुकानात मिळणारा झटपट गोंद सामान्यतः एथिल प्रकारचा असतो. त्याने कापलेले बोट चिकटविण्याची चाल सर्वत्र दिसते, पण ती समर्थनीय नाही.

भेगांवर वाळणारा लेप देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. वडाचा चीक टाचेच्या भेगांत भरतात. तो वाळून रबरासारखा पापुद्रा धरतो. कोकमाचे तेल आणि राळ व मेण यांचे मलमही परिचित आहे. सुश्रुतसंहितेत पायांच्या भेगांना ‘पाददारी’ म्हटले असून तिच्यावरील लेपात मेण, राळ व तूप सांगितले आहे. त्याच प्रकरणात ‘अलस’ हा निराळा विकार येतो. त्यात दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांमधील जागा ओलसर होते व तेथे खाज आणि आग सुटते. मराठीत यालाच चिखल्या म्हणतात.

हा भेद भातशेतीच्या प्रदेशात महत्त्वाचा ठरतो. पुणे जिल्ह्यातील पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण असून पश्चिमेस सह्याद्रीकडे पाऊस वाढत जातो. येथील भातखाचरांत चिखलणी व लावणीच्या दिवसांत पाय तासन्‌तास चिखलात राहतात, बेचक्यांतील त्वचा पांढरी पडून फाटते व तिच्यावर कवक (बुरशी) आणि जंतू वाढतात. ती फाट भेगेसारखी दिसली, तरी तिच्यावर द्रव पट्टी लावणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. तेथे पाय धुऊन कोरडे करणे आणि कवकनाशक औषध हाच उपाय आहे. पुढे कापणी उरकते, थंडी पडते आणि त्याच पायांची टाच तडकते. टाचेच्या त्वचेत तैल ग्रंथी नसतात. तिचा जाड शृंगस्तर (बाह्यत्वचेचा वरचा मृत थर) कोरडा झाला की शरीराचा भार पडताच फाटतो, आणि भेग अंतस्त्वचेपर्यंत गेली म्हणजे रक्त येते. ही कोरडी, स्वच्छ भेग द्रव पट्टीस योग्य होय. विळा लागून बोटाला पडलेली उथळ चीरही तशीच. धसाने किंवा काट्याने झालेले खोल छिद्र मात्र कधीही बंद करू नये. धनुर्वाताचे जंतू प्राणवायूरहित जागेतच वाढतात, व शेणखताच्या मातीत ते असतात. अशा जखमेनंतर धनुर्वाताची लस घ्यावी लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

लावण्यापूर्वी जागा साबणाने धुवावी, दाब देऊन रक्त थांबवावे व पूर्ण कोरडी करावी. कडा जुळवून द्रवाचा पातळ थर भेगेच्या वरून द्यावा. तो आत ओतू नये, कारण आत शिरलेला द्रव परकी वस्तू होऊन कडांना जुळू देत नाही. एक थर वाळल्यावर दुसरा द्यावा. सायनोॲक्रिलेट कापसाच्या बोळ्याने टिपू नये; कापसाशी त्याची विक्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते. तेलकट त्वचेवर पटल धरत नाही आणि वर तेल चोळल्यास सैल होते. म्हणून वजरीने टाच घासून कोकमाचे तेल लावायचे असल्यास ते पटलापासून दूर, सभोवतीच्या त्वचेवर लावावे. पटल सोलून काढू नये. सायनोॲक्रिलेटाचे पटल सामान्यतः ५ ते १० दिवसांत त्वचेच्या मृत थराबरोबर आपोआप गळते.

पू, वाढती सूज, प्राण्याचा चावा, भाजलेली जागा, डोळ्यांचा परिसर व श्लेष्मकला (तोंड, नाक इत्यादींचे आतील अस्तर) येथे हिचा वापर वर्ज्य आहे. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना भेगेची वेदना कळत नाही व पटलाखाली व्रण वाढत राहिला तरी पत्ता लागत नाही. त्यांनी भेग डॉक्टरांना दाखवावी. कलोडियनातील ईथर अत्यंत ज्वालाग्राही असल्याने पेटत्या चुलीजवळ, दिव्याजवळ किंवा विडी ओढताना बाटली उघडू नये. बूच घट्ट लावून ती थंड जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवतात.